न चाललेली डिस्क आणि पहूरच्या मामांची टोपी

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आलेला माणूस काय बिघडलं ते आधी सांगत नाही. आपल्या हातून काही बिघडलेलं नाही, हे आधी सांगतो. "ताई, मी हातसुद्धा लावला नाही, आपोआपच बंद पडला," असं म्हणत तो पिशवीतून लॅपटॉप काढतो आणि दुकानभर चहाचा वास सुटतो.

जळगावात स्टेशनपासून चालत येता येईल अशा एका संकुलाच्या तळघरात माझं दुकान होतं. होतं म्हणते, कारण हल्ली ते भाचा बघतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढत गेला आणि कंपन्यांच्या पिना बारीक होत गेल्या, तेव्हा दोघांत तडजोड होईना. लोक मला विचारतात, इतकी वर्षं केलंत काय? स्क्रीन बदलले, बिजागऱ्या बदलल्या, की-बोर्डमधून शेव काढली. पण माझ्या आयुष्याचा मोठा भाग एकाच कामात गेला. लॅपटॉपमधलं चित्र टीव्हीवर नेणं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लॅपटॉपच्या कडेला भोकं असतात. पूर्वी एक निळं, रुंद, पंधरा पिनांचं भोक असायचं, व्हीजीए. त्याची वायर दोन्ही बाजूंना स्क्रू फिरवून घट्ट बसवायची. ती चित्र न्यायची, आवाज न्यायची नाही. मग एचडीएमआय आलं. ते चित्र आणि आवाज दोन्ही नेतं. आता गोळीएवढं बारीक सी-टाइप आलंय. त्याची गंमत अशी, की एका लॅपटॉपच्या सी-टाइपमधून चित्र जातं आणि अगदी तसल्याच दुसऱ्यातून जात नाही, नुसतं चार्जिंग होतं. भोकाकडे बघून कळत नाही. ज्याने घेतला त्यालाही कळत नाही, ज्याने विकला त्यालाही.

एका भोकातून दुसऱ्या भोकात जायचं तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि तो एकाच दिशेने चालतो. हे समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. "वायर ती वायर, उलटी लावली तर काय झालं?" असं गिऱ्हाईक म्हणायचं. शेवटी मी म्हणायला लागले, "विहिरीतल्या मोटरीला फूटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर येतं, माघारी जात नाही, तसंच आहे." मग पटायचं. केळीच्या एका व्यापाऱ्यांनी तर एचडीएमआयचं टोक कानशीने घासून निळ्या भोकात बसवून आणलं होतं. बसलं होतं छान. निघत नव्हतं. "आता चित्र दिसेल ना?" असं त्यांनी इतक्या आशेने विचारलं, की मी आधी त्यांच्यासाठी चहा मागवला.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो प्रकार नानांचा.

नाना नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने आले. पांढरा सदरा, कडक टोपी, काखेत स्टीलचा डबा. भाकरीचा असेल असं वाटलं. त्यांनी झाकण काढलं. आत लाल कापडात गुंडाळलेली एक डिस्क होती, वर हळद-कुंकू लागलेलं.

"पोरनं लगीन शे यामा," नाना अहिराणीत म्हणाले. "धुळाना बठ्ठा दुकानदारस्नी हात टेकात. चालतच नही."

त्यांच्या मुलीचं, सुनीताचं, लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. शूटिंगवाल्याने तेव्हा ही डिस्क दिली. घरच्या प्लेअरवर ती चालली नाही. शूटिंगवाला म्हणाला, तुमचा प्लेअर जुना आहे. शेजाऱ्यांच्या नव्या प्लेअरवरही चालली नाही. मग ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेली. म्हणजे घरातल्या पहिल्या लग्नाचं शूटिंग घरातल्या एकाही माणसाने कधी पाहिलेलं नव्हतं. शूटिंगवाल्याने दरम्यान धंदा बदलला. आता तो ठिबकच्या नळ्या विकतो. त्याच्याकडचं मूळ चित्रण केव्हाच पुसलं गेलं होतं.

"मग आत्ताच का आठवण झाली?" मी विचारलं.

नानांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोचा, अक्कांचा, धाकटा भाऊ पहूरला असतो. त्यांना सगळे आबा म्हणतात. सुनीताच्या लग्नात नवरीचे मामा म्हणून आबांचा मान मोठा. आणि आबांचं म्हणणं असं, की भर मांडवात सगळ्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिली, पण नवरीच्या मामाला दिली नाही. नाना म्हणायचे, दिली, मीच माझ्या हाताने दिली. या एका गोष्टीवरून आबांनी नरडाण्याकडचा रस्ता सोडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्कांना माहेरचं बोलावणं आलं नाही. भाऊबीजेला अक्का ओवाळणीचं ताट तयार करायच्या आणि संध्याकाळी आवरून ठेवायच्या.

आता धाकट्या मुलाचं, नीलेशचं, लग्न ठरलं होतं. अक्कांनी सांगून टाकलं होतं, "मामा पाठीशी उभा राहणार नसेल तर अंतरपाट धरायचाच नाही." आणि आबांनी पहूरहून निरोप दिला होता, शूटिंग दाखवा, त्यात मी टोपी घेताना दिसलो तर येतो.

मी डिस्क हातात घेतली आणि पालथी केली. डीव्हीडीची खालची बाजू जांभळट दिसते. ही वेगळी होती, गडद, करडी. बघितल्याबरोबर लक्षात आलं नाही. दोन ड्राइव्हमध्ये घालून पाहिली, दोन्ही घरघरले आणि गप्प बसले. चहा पिऊन झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. शूटिंगवाल्याला हौस मोठी. त्याने अख्खं लग्न ब्लू-रे डिस्कवर भरून दिलं होतं. ब्लू-रेवर मजकूर इतका बारीक लिहिलेला असतो, की डीव्हीडीच्या ड्राइव्हमधल्या लाल लेझरला तो वाचताच येत नाही. त्याला निळसर लेझर लागतो. त्या काळी खेड्यात तर सोडाच, जळगावातसुद्धा ब्लू-रे प्लेअर घरात असलेला माणूस शोधावा लागला असता.

मी नानांना सांगितलं, "डिस्क चांगली आहे. बघणाऱ्याचा चष्मा चुकीचा होता."

"इतला वरीस?" नाना म्हणाले.

"इतकी वर्षं."

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग हळूच म्हणाले, "मंग त्यामा टोपी शे."

माझ्याकडे ब्लू-रे ड्राइव्हवाला एक जुना, वजनदार लॅपटॉप पडून होता. सुट्या भागांसाठी घेतलेला. त्याचा स्क्रीन फुटलेला होता आणि एचडीएमआय जळलेलं. बाकी जीव शाबूत होता. निळं भोक चालू होतं. मी त्याला मॉनिटर जोडला, डिस्क घातली. ड्राइव्हने जरा विचार केला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'सुनीताचा शुभविवाह'. अक्षरांभोवती गुलाब फिरत होते.

तेवढ्यात नानांनी दोन्ही हात मॉनिटरवर ठेवले.

"बंद करा ताई! बंद करा!"

मी घाबरून बंद केलं. मला वाटलं, शॉक बसला. पण शॉक नव्हता. आबांची अटच होती, की डिस्क दोन्ही बाजूंच्या समोर एकदमच लागली पाहिजे. आधी एका बाजूने पाहिली तर ती बाद. मी म्हटलं, "नाना, मी हे पेनड्राइव्हमध्ये उतरवून देते. कुठल्याही टीव्हीला लावा, माझी गरजसुद्धा पडणार नाही." नानांनी तिथूनच आबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

पलीकडून आबा पहूरच्या बोलीत कडाडले, "पेनड्राइव्ह काहाले? त्याच्यात मानूस काहीबी भरते! मले डिस्कच पाहिजे. मह्या डोयासमोर."

दोघांच्या बोलीत 'माले' आणि 'मले' एवढाच फरक होता. अडून बसण्यात तोही नव्हता.

जागेचाही प्रश्न होता. आबा नरडाण्याला येणार नव्हते, नाना पहूरला जाणार नव्हते. शेवटी सुनीताचं सासर, नशिराबाद, मुक्रर झालं. तिथे भिंतीवर मोठा टीव्ही होता. मी म्हटलं, मॉनिटरच घेऊन येते. तर आबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना मोठाच पडदा हवा होता. "लहान पडद्यावर टोपी दिसली नाही म्हणतील," असं नानाही म्हणाले. मग नानांनी डिस्क डब्यात ठेवली, डब्याला सुतळी बांधली, गाठीवर माझ्याकडून मेणबत्तीचं मेण ओतून घेतलं आणि त्यावर अंगठा उमटवला. तो डबा काखेत मारून ते परतीच्या गाडीने गेले.

टीव्हीला फक्त एचडीएमआय होतं आणि माझ्या लॅपटॉपचं फक्त निळं भोक चालू. म्हणजे मध्ये व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा कन्व्हर्टर आला. त्याला वीज लागते म्हणून एक यूएसबी वायर. निळ्या भोकातून आवाज जात नाही म्हणून आवाजाची वेगळी वायर. दुकानात मी दुसरी एक डिस्क लावून सगळं तपासलं. मस्त चाललं. सामान खोक्यात भरलं, रिक्षात ठेवलं आणि नशिराबादला निघाले. महामार्गावर काम चालू होतं. रिक्षा उडत होती तेव्हा मी खोकं मांडीवर घेतलं. तेवढं पुरलं नाही, ते नंतर कळलं.

सुनीताच्या घरात बैठक अशी होती. टीव्हीच्या डाव्या हाताला नाना, उजव्या हाताला आबा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. आबा उंच, मोठ्या मिशांचे, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, डोक्याला काही नाही. टोपीचा वाद मिटेपर्यंत आपण टोपी घालणार नाही, असं त्यांनी जाहीर केलेलं होतं. मधल्या जागेत अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, भावाकडे बघायचं नाही म्हणून टीव्हीकडे बघत. टीव्ही अजून बंद होता. नीलेश पुण्याहून आला होता. त्याच्यामागे सुनीताच्या सासरची मंडळी आणि चहाचे कप. मी टीव्हीमागे हात घालून एचडीएमआयचं भोक चाचपत होते, तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, "निकाल तुम्हीच देणार का?"

"मी फक्त वायर लावणार," मी म्हटलं.

आबांनी सील तपासलं. काळा चष्मा वर करून नानांच्या अंगठ्याचा ठसा पाहिला. "फोडा," म्हणाले.

डिस्क आत गेली. पडद्यावर चित्र आलं. गुलाब फिरले. सुनीताने टाळ्या वाजवल्या. मग हळदीचा कार्यक्रम सुरू झाला आणि सगळं घर गप्प झालं, कारण हळद लाल होती.

लाल म्हणजे रक्तासारखी लाल. नवरीचं तोंड, हात, पाय लाल. पांढरे सदरे गुलाबी. झाडं काळी.

"आमच्याकडे हळदच लावली होती," नानांनी व्याह्यांना खुलासा केला.

माझ्या ध्यानात आलं. निळ्या भोकातून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळ्या पिनांवरून जातात. रिक्षातल्या धक्क्यांनी हिरव्या रंगाच्या पिनेचा टाका सुटला होता. हिरवा गेला की पिवळ्याचं लाल होतं आणि पांढऱ्याचं गुलाबी. मी वायरीचं टोक जरा वर उचलून तिरकं दाबलं. हळद पिवळी झाली. सोडलं. लाल झाली. स्क्रू आवळले, चिकटपट्टी लावली, सुनीताने कपड्यांचा चिमटा आणून दिला, नीलेशने खाली वही सरकवली. काही जमेना. माझी दोन बोटं होती तिथेच हिरवा रंग होता.

"सुटलेल्या टाक्याला डाग देऊन घेते, संध्याकाळपर्यंत आणते," मी म्हटलं.

"डिस्क सुरू झाली, आता थांबायचं नाही," आबा म्हणाले. "थांबली तर मध्ये काय व्हते कोनाले मालूम."

"पुढंबी सरकावानी नही," नाना म्हणाले. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. अक्कांनी चमकून दोघांकडे पाहिलं.

तेव्हा मी लॅपटॉपशेजारी जमिनीवर मांडी घातली, वायरीचं टोक दोन बोटांत तिरकं धरलं आणि जेमतेम ओळखीच्या लोकांचं लग्न पहिल्यापासून पाहू लागले.

शूटिंगवाला कलावंत होता. नवरदेव कमळातून उगवला. नवरी चंद्रावर बसून आली. लग्न खेड्यातलं, पण मागे बर्फाचे डोंगर आणि धबधबे. वरात निघाली तर घोड्याच्या बाजूने दोन राजहंस पोहत चालले होते. मांडवाकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा चेहरा एका बदामात बसवून तो बदाम गिरक्या घेत वर जाई. मला हसू यायचं. हसले की हात हलायचा आणि मंडपातले सगळे पांढऱ्या टोप्यांचे पाहुणे भप्पकन गुलाबी व्हायचे.

"ताई, हसू नका," आबा गंभीरपणे म्हणाले. "रंग जातो."

मग मी ओठ घट्ट मिटून बसले. पडद्यावर जेवणावळ सुरू होती. वांग्याची भाजी, बट्टी, वरण. शूटिंगवाल्याने प्रत्येक पत्रावळीपुढे कॅमेरा धरला होता आणि जेवणारा माणूस घास हातात धरून कॅमेरा जायची वाट बघत होता. चहाची दुसरी फेरी झाली. कप घ्यायला मला हात नव्हता, म्हणून सुनीताच्या सासूबाईंनी बशीतून पाजला. निकाल देणारी बाई त्यांना कदाचित मीच वाटत असावे.

आणि मग आहेर आला.

सगळे सावरून बसले. आबांनी चष्मा काढून पुसला. पडद्यावर एक खुर्ची, शेजारी टोप्यांचा आणि टॉवेलांचा ढीग, पलीकडे नाना, आत्तापेक्षा बरेच काळे केस असलेले. एकेक पाहुणा येई, खुर्चीत बसे, कपाळाला टिळा, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, नमस्कार, पुढचा. माईकवरचा माणूस नावं पुकारत होता. पुष्कळ टोप्या झाल्या. मग माईकवरचा आवाज म्हणाला, "नवरीचे मामा, पहूरकर, यांनी लवकर यावे!"

पडद्यावर आबा आले. आत्तापेक्षा तरुण, रुबाबदार. खुर्चीत बसले. नानांनी ढिगाकडे हात नेला. टोपी उचलली. टोपीसकट हात आबांच्या डोक्याच्या दिशेने निघाला...

आणि चित्राची दोन पानं झाली. पानं मिटली, त्याची पाकळ्यांची कळी झाली, कळीतून दोन कबुतरं उडाली, कबुतरांनी चोचीत एक पाटी धरली होती, पाटीवर 'शुभ आशीर्वाद'. कबुतरं संथपणे उडत पडदा ओलांडून गेली. कळी उमलली. खुर्चीत दुसराच पाहुणा बसलेला होता.

मग एकदम सगळेच बोलले.

"देखा? हात निंघना व्हता ना मना?" नाना उभे राहिले.

"निघाला! पोचला का?" आबाही उठले. "पोचलेला दाखवा!"

"टोपी हातमा व्हती!"

"हातात होती, मह्या डोक्यावर नव्हती! कबुतरं उडाली, त्याच्यात तुमी हात मागं घेतला!"

"मी कसाले मांगे लिसू?"

नीलेशने शूटिंगवाल्याला फोन लावला आणि कबुतरांमागे काय होतं ते विचारलं. तो ठिबकच्या दुकानात होता. "कबुतरं छान बसली होती ना?" त्याने विचारलं. फोन बंद झाला. व्याही म्हणाले, कबुतरं हा काही पुरावा धरता येणार नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरीकडे पाहिलं.

आबांनी पायात चप्पल सरकवली. "मी चाललो," म्हणाले. आणि त्यांचा आवाज रागाचा राहिला नव्हता. इतकी वर्षं ज्या गोष्टीच्या आधारावर उभं राहिलं, ती समोर आली आणि तिनेही काही सांगितलं नाही, असा तो आवाज होता. नानाही मटकन खाली बसले. मला मनातून वाईट वाटलं. डिस्क चालली नसती तर निदान दोघांनाही आपलंच खरं आहे असं वाटत राहिलं असतं.

तेव्हा अक्का पहिल्यांदा बोलल्या. आवाज न चढवता.

"रघ्या, बस. मना पोरनी पाठवणी देखानी शे माले."

साठीतले, मोठ्या मिशांचे आबा चप्पल काढून बसले.

पाठवणी सुरू झाली. इथे शूटिंगवाल्याने ना कमळ टाकलं ना कबुतर. कदाचित त्यालाही काही सुचलं नसेल. नुसता मांडव, जीप, आणि सुनीता आईच्या गळ्यात पडून रडतेय. मग ती मामांच्या गळ्यात पडली. पडद्यावरचे आबा लहान मुलासारखे हमसून रडत होते, मिशा ओल्या, नाक वाहतंय. त्यांना काही दिसत नव्हतं, हात नुसता चाचपडत होता. तेवढ्यात बाजूने नाना आले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्यांच्या हातात दिला. आबांनी तोंड पुसलं. नानांनी त्याच टॉवेलच्या दुसऱ्या टोकाने आपलं पुसलं. जीप निघाली. एक टॉवेल दोघांच्या हातात, दोन टोकांना, आणि दोघं धुळीकडे बघत उभे.

नाना हळूच म्हणाले, "हाऊ टॉवेल मी दिधा."

आबांनी पडद्यावरच्या टॉवेलकडे बोट दाखवलं.

"दिला," म्हणाले.

"मना हातथून."

"दिला दाजी, दिला. दिसला." आबांचा हात ओल्या मिशांवरून फिरला. मग सवयीने, अगदी बारीक आवाजात, त्यांनी विचारलं, "पन टोपी?"

अक्का उठल्या. तरातरा नानांपाशी गेल्या, त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली, खोली ओलांडली आणि भावाच्या बोडक्या डोक्यावर ती दोन्ही हातांनी खाली ओढून बसवली. कानापर्यंत.

"हाई टोपी," म्हणाल्या. "आते बठ्ठा देखी लेवा. कबुतर नही."

नानांचं डोकं मोठं. ती टोपी आबांच्या काळ्या चष्म्यावर येऊन टेकली. आबांनी ती वर केली नाही. तसेच बसून राहिले, बहिणीचा हात डोक्यावर होता तोवर. सुनीता रडायला लागली, नीलेश हसायला लागला, सासूबाईंनी मला विचारलं, "झालं ना मग?" मी मान हलवली आणि त्यांनी घरातल्यांना निकाल सांगितला.

डिस्क संपली. मी बोटं वायरीवरून काढली. ती वाकलेली तशीच राहिली होती, एकेक करून सरळ करावी लागली. कन्व्हर्टर काढायला हात घातला, तर आबांनी टोपीखालून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, पुन्हा लावा."

"पुन्हा? कुठपासून?"

"पहिल्यापासून." आबा सरकून अक्कांच्या शेजारी भिंतीला टेकले. नानांनी पलीकडून आपली उशी त्यांच्याकडे ढकलली. "आत्तापर्यंत मी टोपीच शोधत होतो. भाचीचं लगीन मी पाह्यलंच नाही."

मी सासूबाईंकडून बसायला चटई मागून घेतली, वायर दुसऱ्या हातात धरली आणि डिस्क आत सारली.